जुन्या जीपचा ब्रेक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जीपविषयी बोलताना लोक ती कुठे कुठे गेली हे कौतुकाने सांगतात. रणांगणावर गेली, घाटात गेली, गुडघाभर चिखलातून गेली. ती थांबायची कशी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मी मरोळला राहतो. अंधेरी-कुर्ला रस्ता, एमआयडीसी, पलीकडे मिठी नदी आणि मधल्या गल्ल्यांत लेथ, वेल्डिंग, गॅरेजं. त्यांतल्याच एका गॅरेजात जुन्या जीपगाड्या दुरुस्तीला येतात. तिथल्या उस्तादांशी गप्पा मारायला मी अधूनमधून जाऊन बसतो. कवितेच्या माणसाचं तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. पण जीपचा जो इतिहास मला तिथे ऐकायला मिळाला, तो आज तुम्हाला सांगावासा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या जीप लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली होती. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. याच कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जीप बनू लागली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या. त्यानंतर गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की मागे धुरळा आणि पोरांची रांग, हे दृश्य अनेकांना आठवत असेल.

आता ब्रेककडे येऊ. सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक तारांनी किंवा लोखंडी दांड्यांनी ओढले जात. एक चाक आधी धरायचं, दुसरं मागाहून, आणि गाडी तिरकी व्हायची. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने तो मोटारीच्या ब्रेकला लावला. १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग या महागड्या गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. हेन्री फोर्ड मात्र १९३९पर्यंत आपल्या मोटारींना ते लावायला तयार नव्हता. गंमत म्हणजे त्या काळी नळ्यांत भरायचा द्रव एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून करत. आपल्या आज्यांनी पोट साफ करायला पाजलेलं एरंडेल तिकडे मोटारी थांबवत होतं!

जीपला ही द्रवाच्या दाबाची रचना पहिल्यापासून होती. चालकाच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला मास्टर सिलिंडर. तिथून चार चाकांकडे नळ्या. प्रत्येक चाकात ९ इंची ड्रम आणि आत दोन शू. पेडल दाबलं की द्रव ढकलला जातो आणि शू फाकून ड्रमला घासतात. रचना साधी, खेड्यातल्या मिस्त्रीलाही समजेल अशी. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. चारही चाकांचा दाब एकाच कप्प्यातून जातो. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मग उरतो हँडब्रेक. तोही चाकांवर नाही, गिअरपेटीमागच्या शाफ्टवर असतो. गाडी उभी ठेवायला तो ठीक, वेगातली गाडी आवरायला तुटपुंजा.

उस्ताद दुरुस्तीला बसतात तेव्हा आधी पेडलवर पाय ठेवून बघतात. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी द्रव पाझरतोय. स्पंजासारखं लागलं, तर आत हवा शिरलीय. मग ड्रम उतरवतात. शूवरची भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हा त्यांचा दंडक. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो फुप्फुसात जातो. सिलिंडरचे रबरी वॉशर पेट्रोल-रॉकेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. ब्रेक ऑइल संपलं म्हणून इंजिन ऑइल ओतलं, तरी तोच प्रकार. शेवटी हवा काढायची. शागीर्द वर बसून पेडल दाबतो. उस्ताद खाली झोपून सर्वांत लांबच्या चाकापासून एकेक निपल सैल करतात. नळीतून बाटलीत बुडबुडे येतात. निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. ‘दबा के रख!’ एवढंच खालून ऐकू येतं.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते आज तेल नसतंच, ते ग्लायकॉलचं मिश्रण असतं. ते हवेतलं पाणी शोषतं. ‘डॉट ३’ जातीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस लागतो; पाणी मुरल्यावर १४० अंशांची मर्यादा मानतात. घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. मुंबईची दमट हवा वर्षभर हेच काम करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी उलटली. पुरात बुडालेल्या जीपचं इंजिन सुरू झालं की मालक खूष होतो. पण फळीखालच्या मास्टर सिलिंडरात आणि चाकांत पाणी शिरलेलं असतं. ते आतून लोखंड खात राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली यांसाठी चालते. चासी, बॉडी, इंजिन मुळाबरहुकूम हवं. हौशी मंडळी त्यापुढे जाऊन ब्रेकही जुनाच हवा म्हणतात. उस्तादांचं इथे त्यांच्याशी पटत नाही. ते दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा म्हणतात. त्यात एक बाजू गेली तरी दुसरी उरते. अमेरिकेने १९६८ पासून मोटारींना अशी विभागलेली रचना सक्तीची केली. काढलेला जुना सिलिंडर ते पुसून, कागदात गुंडाळून मालकाच्या हाती देतात.

मला उस्तादांचंच म्हणणं पटतं. इतिहास जपायला हवा, यात वाद नाही. पण रस्त्यावर येणारी जीप काचेच्या कपाटातली वस्तू नसते. मरोळ नाक्यावर शाळा सुटते तेव्हा समोरून पोरं पळत रस्ता ओलांडतात. जुन्या गाडीची हौस मालकाची असते, त्या पोरांची नसते. तेव्हा पुढच्या रॅलीत एखादी चकचकीत जीप दिसली, तर ती किती साली बनली हे जरूर विचारा. आणि ब्रेकचं पाणी मुरलेलं ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही विचारा.