क्लचची कुळी आणि कशेडीचा चढ

पोलादपूर सोडून कशेडी घाट चढताना जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर निदान ठरलेले असते: क्लच प्लेट गेली. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या हौशी मंडळींच्या एमजीए, एमजीबी या गाड्यांच्या बाबतीत हा निकाल बहुधा घाईचा ठरतो. एमजीबीत प्लेटपर्यंत पोचायचे तर इंजिनच बाहेर काढावे लागते, म्हणून ही घाई महागही पडते. क्लचचा प्रत्येक भाग कुठल्यातरी आधीच्या दोषावर उपाय म्हणून जन्मला आणि त्याने स्वतःचा एक नवा दोष सोबत आणला. म्हणून क्लच बिघडला की तो जळला का, याआधी तो कुठल्या पिढीचा आहे हे विचारले पाहिजे.

क्लचकडून दोन उलट गोष्टींची अपेक्षा असते. धरला तर तसूभर घसरायचे नाही आणि सोडला तर जराही चिकटून राहायचे नाही. सुरुवातीच्या मोटारींत फ्लायव्हीलच्या खोलगट भागात चामडे लावलेला शंकू दाबून बसवलेला असे. त्याची पकड जबरदस्त होती, पण चामडे वाळले की गाडी हिसका देऊन सुटे आणि तेलकट झाले की घसरे. तेव्हाचे चालक एका रोगावर चामड्याला तेल पाजत, दुसऱ्यावर मुलतानी मातीसारखी भुकटी टाकत. पुढे चपट्या चकत्या, म्हणजेच प्लेटा, आल्या, आधी तेलात बुडालेल्या अनेक आणि मग कोरडी एकच. ही कोरडी चकती टिकली ती अस्तरामुळे, आणि अस्तराचा उगम घाटातला आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्या उतारावर आवरायला चालक ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे चामडे लावत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडने 1897 मध्ये घर्षणाच्या साहित्याचा उद्योग सुरू केला. त्याच्या नावातलीच अक्षरे फिरवून झालेले ‘फेरोडो’ हे नाव पुढे जगभरच्या गॅरेजांत पोचले. चामडे आणि कापूस जास्त उष्णतेत जळतात, म्हणून त्यांची जागा अ‍ॅस्बेस्टॉसने घेतली. ज्या अस्तराला आपण घाटात जाळतो असे म्हणतो, ते मुळात घाटाच्या गरजेतून आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

चकती दाबून धरायला आधी गोल मांडलेल्या गुंडाळी स्प्रिंगा होत्या आणि त्यांना मागे खेचायला तीन बोटे. एमजीएत (1955 ते 1962) हीच रचना आहे. तीन बोटांची उंची सारखी नसली तर चकती दाबणारी प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते आणि गाडी सुटताना थरथरते. एमजीबीत (1962 ते 1980) त्याऐवजी ताटलीसारखी एकच डायफ्राम स्प्रिंग आली आणि बोटे जुळवण्याचे काम संपले. पेडलपासून क्लचपर्यंत या दोन्ही गाड्यांत सळई किंवा केबल नसून ऑइलची नळी आहे. त्यामुळे इंजिन हलले तरी क्लच ओढला जात नाही. पण मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक भोक बुजले, किंवा जुनी रबरी नळी आतून फुगली, तर पाय उचलल्यावरही नळीत दाब उरतो, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चढावर घसरतो. प्लेट मात्र तेव्हा धडधाकट असते. घसरण चालू असताना गाडी सुरक्षित जागी थांबवून क्लचच्या टोकाच्या स्लेव्ह सिलिंडरचा निपल सैल करावा. ऑइल जोरात उडाले आणि घसरण थांबली, तर चोर ऑइलच्या मार्गात आहे. एमजीएत आणखी एक शक्यता असते. तिच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, फक्त तेल परतवणारी वळणदार खाच आहे. चढावर इंजिन मागे कलते आणि तेल तिकडे जमते. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून तेल ठिबकत असेल, तर नुसती नवी प्लेट घालून काही साधणार नाही, तीही काही दिवसांत भिजेल.

उलट दोष, म्हणजे क्लच न सुटणे, कोकणात पावसाळ्यानंतर दिसतो. महाडला सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी शहरात शिरते. 22 जुलै 2021 चा पूर सर्वांच्या लक्षात आहे. पण पुराचीच गरज नाही. चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीत दमटपणाने फ्लायव्हील गंजते आणि प्लेट त्याला चिकटते. शिवाय क्लचचे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि सिलिंडर आतून गंजवते. इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. करकर झाली तर स्लेव्ह सिलिंडरमधून बाहेर येणारी आखूड सळई किती सरकते ते मोजावे. एमजीबीत ती साधारण अर्धा इंच सरकली पाहिजे. कमी सरकत असेल तर हवा काढण्याआधी पेडलजवळची पिन पाहावी. ती झिजून अंडाकृती झाली की हालचालीचा मोठा हिस्सा तिथेच वाया जातो.

यावर मिस्त्रींचा आक्षेप रास्त आहे: इंजिन उतरवलेच तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळे एकदम बदलावे. उतरवले असेल तर नक्कीच बदलावे. माझा मुद्दा ते उतरवायचे की नाही, एवढ्यापुरता आहे. दुसरा आक्षेप असा, की आंबेनळी किंवा वरंध घाट क्लच खातोच. पूर्ण धरलेल्या क्लचमध्ये घासणेच नसते, मग चढ कितीही असो. घाटातल्या रांगेत हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, की तेवढ्या वेळात अस्तर जळते. तिथे हँडब्रेक वापरावा. या गाड्यांचे क्लच बेअरिंग कार्बनचे, छर्रे नसलेले असते, त्यामुळे पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय त्याला थेट झिजवते. आणि खोलायची वेळ आलीच, तर आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून, ते फडके पिशवीत बांधून टाकावे.