शाळा आणि औषधाची पेटी : विद्यार्थी-आरोग्याचा मागोवा

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली. त्यांपैकी औषधदान व ज्ञानदान यांची गाठ जेथे पडते, ते स्थान म्हणजे शाळा होय. ही गाठ पडण्यास मात्र आपल्या देशात फार काळ जावा लागला, आणि त्या विलंबाची झळ कोकणातील अनेक पिढ्यांना सोसावी लागली.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लस. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि भयभीत चाकरमानी गावाकडे परतू लागले. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ही सारी धडपड साथीपुरती होती. साथ नसताना, रोज वर्गात बसणाऱ्या मुलाचे डोळे, दात, कान कोणी तपासावेत, हा विचार अद्याप दूर होता.

इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे शहरात विद्यार्थ्यांची तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथूनच मानला जातो. ज्या संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यानेच हे पाऊल उचलावे, हे सुसंगतच होते. मूल शाळेत आणायचे, तर त्याची काळजीही वाहिली पाहिजे. परंतु बडोद्याचा हा धडा इतरत्र गिरवला गेला नाही. १९४६ साली भोर समितीस देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्याचेच आढळले. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र शालेय आरोग्य समिती नेमावी लागली.

तोवर कोकणातील आडगावच्या शाळेत गुरुजी हेच पहिले वैद्य होते. पावसाळ्यात खाडीला उधाण आले की तर बंद, आणि दवाखाना पैलतीरावर! विंचवाचा दंश ही येथील नित्याची भीती. १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागवून निरीक्षण केले, की लाल विंचवाचे विष हृदयावर आघात करते आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. त्यांचे निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये, दंश होताच मुलास आरोग्य केंद्रात न्यावे, ही त्यांच्या कार्याची शिकवण शाळांनी कायम ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन जन्मजात व्यंग, पोषणातील उणिवा, आजार आणि विकासातील विलंब तपासते. २०१५ पासून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी चावून खाण्यास दिली जाते. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास ती देत नाहीत. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, शिक्षकांसमक्ष घ्यावयाची असते. रिकाम्या पोटी ती घेतल्यास मळमळ होते; म्हणून पर्युषणात उपवास धरलेल्या मुलास ती न देता पारण्यानंतर, भोजन झाल्यावर द्यावी.

तथापि पथक वर्षातून एकच दिवस येते. दमा, फेफरे वा मधुमेह असलेले मूल मात्र रोज शाळेत येते. अशा मुलाच्या आजाराची माहिती पालकांनी लपवू नये. औषधाचे नाव, मात्रा व वेळ लेखी द्यावी. शाळेने औषध कुलपात ठेवून प्रत्येक वेळेची नोंद करावी, आणि एकाची गोळी दुसऱ्यास कदापि देऊ नये. दम्याचा पंप मात्र मुलाच्या हाताशीच असावा. कुलूप उघडेपर्यंत श्वास थांबत नाही.

मालवणात टोपीवाला हे नाव हायस्कुलावर आहे, तर मुंबईत तेच नाव वैद्यकीय महाविद्यालयावर आहे. विद्या आणि वैद्यक या दोहोंसाठी थैली सैल सोडणारे दाते या किनाऱ्याशी नाते सांगतात. २०२१ साली सिंधुदुर्गातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पैलतीरावरचा डॉक्टर आता जवळ आला आहे. परंतु वर्गात शांत बसलेले मूल आज मलूल का दिसते, हे प्रथम ओळखणारी नजर आजही शिक्षकाचीच आहे. त्या नजरेस प्रशिक्षणाची आणि सुसज्ज औषधपेटीची जोड देणे, हेच आजच्या काळातील औषधदान होय.