शिखरशक्तीकडून उपयुक्त शक्तीकडे : लहान टू-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनाचा इतिहास

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा उच्चांकांच्या आधारे लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणत्या इंजिनाने किती अश्वशक्ती दिली आणि कोणत्या संघाने विजेतेपद पटकावले, याच्या सनावळ्या सहज उपलब्ध असतात व अभ्यासक त्यांवर विसंबून राहतात. यंत्र प्रत्यक्ष हाताळणाऱ्याचा अनुभव मात्र या सनावळ्यांत सापडत नाही. प्रस्तुत लेखात लहान टू-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनाच्या सुधारणेचा, विशेषतः मोटोक्रॉससाठी केलेल्या बदलांचा, इतिहास तपासला आहे. मोटोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू, चढण व उड्या असलेल्या बंदिस्त मातीच्या मार्गावरील शर्यत. या इंजिनाच्या इतिहासातील खरी प्रगती कमाल अश्वशक्ती वाढण्यात नसून ती शक्ती चालकाला वापरता येईल अशा रीतीने विस्तृत फेऱ्यांवर पसरवण्यात आहे, आणि त्या प्रगतीत कारखान्याइतकाच वाटा कानस हाती घेतलेल्या कारागिराचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

मूळ दोष आणि त्यावरील उपाय

टू-स्ट्रोक इंजिनात स्वतंत्र झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना तोच त्या उघडतो व झाकतो. ताजे मिश्रण आधी पिस्टनखालील क्रँककेसमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर येते. ही रचना १८९० च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ येथे जोसेफ डे याने प्रचारात आणली. तिची सोय हीच तिची अडचण आहे. जळालेला वायू बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. त्यामुळे आलेले मिश्रण जळण्यापूर्वीच एक्झॉस्टमधून निसटते. १९२० च्या दशकात जर्मन अभियंता आडोल्फ श्न्यूर्ले याने ट्रान्सफर पोर्टची दिशा एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला वळवून मिश्रणाला सिलिंडरमध्ये वळसा घ्यायला लावला. सॅक्सनीतील त्शोपाउ येथील डीकेडब्ल्यू कारखान्याने ही पद्धत मोटारसायकलसाठी स्वीकारली. गळती कमी झाली. थांबली मात्र नाही.

तिच्यावर खरा उपाय सिलिंडरच्या बाहेर सापडला. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच नळीत एक दाबतरंग धावू लागतो. नळी पुढे शंकूसारखी रुंदावत गेली तर त्या तरंगाचा एक अंश ओढ होऊन परततो आणि सिलिंडर रिकामा करण्यास साहाय्य करतो. त्यापुढे नळी पुन्हा निमुळती केली तर दुसरा अंश दाब होऊन परततो आणि बाहेर निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये लोटतो. मधे फुगलेल्या या नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. लोखंडी पत्र्याचे, एकही हलता भाग नसलेले हे साधन एखाद्या पंपाचे काम करते. परंतु तरंगाचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत नाही, ही त्याची मेख आहे.

एक साधे गणित पाहू. एक्झॉस्ट पोर्ट १८० अंश उघडे राहते असे धरले, तर मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ते ३.७५ मिलिसेकंद उघडे असेल. तप्त वायूत तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर मानल्यास तो या अवधीत १.९४ मीटर अंतर कापतो. जाऊन परत यायचे असल्याने नळीची परिणामी लांबी सुमारे ९७ सेंटिमीटर हवी. फेऱ्या १०,००० केल्यास तीच लांबी सुमारे ७८ सेंटिमीटर भरते. म्हणजे एका नळीचा मेळ एकाच वेगाशी उत्तम बसतो. त्या वेगाच्या खाली तरंग अकाली परततो आणि इंजिन गुदमरते. वेग जुळला की शक्ती एकाएकी उसळते. टू-स्ट्रोक स्वार ज्याला ‘पॉवर बँड’ म्हणतात तो हा अरुंद पट्टा होय.

त्शोपाउ आणि हामामात्सू

दुसऱ्या महायुद्धानंतर त्शोपाउ पूर्व जर्मनीत गेले आणि तेथील कारखाना पुढे एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५३ पासून त्याचा शर्यत विभाग वाल्टर काडेन (१९१९–१९९६) याच्या हाती होता. युद्धकाळात काडेन हेन्शेल कंपनीत ‘एचएस २९३’ या तरंगत जाणाऱ्या बॉम्बवर काम करीत होता. व्ही-१ अस्त्राच्या स्पंदनशील जेट इंजिनावरून त्याला एक्झॉस्टची कल्पना सुचली, ही कथा लोकप्रिय आहे. पण एचएस २९३ ला रॉकेट इंजिन होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पश्चिम जर्मनीतील डीकेडब्ल्यूच्या एरिख वोल्फने १९५० च्या दशकाच्या आरंभीच फुगीर एक्झॉस्ट वापरला होता, तर सिलिंडरकडे येणारे मिश्रण नियंत्रित करणारी फिरती चकती डानिएल त्सिमरमान याने स्वतःच्या यंत्रावर बसवली होती. काडेनचे श्रेय या विखुरलेल्या कल्पना एकत्र आणून चिकाटीने मोजमाप करण्यात आहे. ऑसिलोस्कोपवर दाबतरंग पाहत त्याने नळीचे आकार बदलले, चकती बसवली आणि तिसरा ट्रान्सफर पोर्ट जोडला. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने १०,८०० फेऱ्यांना २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. साधने आणि परकीय चलन या दोहोंची टंचाई असलेल्या कार्यशाळेतून हा आकडा आला, हे विशेष.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथील शर्यतीनंतर एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निघून गेला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. १२५ सीसी जागतिक स्पर्धेत आघाडीवर असलेला हा स्वार लवकरच हामामात्सू येथे सुझुकीत दाखल झाला आणि १९६२ मध्ये नव्या ५० सीसी वर्गाचे विजेतेपद त्याने सुझुकीला मिळवून दिले. डांबरी मार्गावरील शर्यतींत टू-स्ट्रोक इंजिनाचे ते पहिले जागतिक विजेतेपद. या घटनेला चोरी म्हणावे की ज्ञानाचा प्रसार, हा वाद आजही रंगतो. काडेनच्या बाजूने पाहता तो विश्वासघातच होता, हे नाकारता येत नाही.

मातीवरील परीक्षा

डांबरी मार्गावर सहा-आठ गिअर असलेल्या वाहनाला अरुंद पट्टा चालून जातो, कारण स्वार गिअर बदलत इंजिन सतत त्या पट्ट्यात ठेवू शकतो. मोटोक्रॉसमध्ये हे शक्य नाही. वळणाच्या तोंडाशी फेऱ्या उतरतात, चाक चिखलात रुतते, उडीनंतर ते मोकळे फिरते. अशा वेळी शक्ती एकाएकी उसळली तर चाक जागीच फिरते आणि वाहन पुढे सरकत नाही. युरोपात ग्रीव्ह्ज, हुस्कवार्ना आणि चेकोस्लोव्हाकियातील सीझेड यांनी हे ओळखले होते. हलकी, तळापासून ओढणारी त्यांची इंजिने २५० सीसी वर्गात जिंकू लागली आणि १९६६ मध्ये पूर्व जर्मन स्वार पाउल फ्रीडरिख्स याने सीझेडवर ५०० सीसी वर्गही जिंकला. लिटरमागे शक्तीच्या हिशेबात मात्र ती एमझेडच्या पासंगालाही पुरली नसती.

जपानी कंपन्यांना हे शिकावे लागले. १९६५ मध्ये सुझुकी स्वीडनमध्ये मोटोक्रॉससाठी उतरली तेव्हा तिला अपयश आले. त्यानंतर तिने स्वीडिश स्वार ओल्ले पेटरसन याला विकासकार्यासाठी घेतले आणि १९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने तिच्यासाठी २५० सीसी विजेतेपद मिळवले. पुढील वर्षी रोजर डी कॉस्टरने ५०० सीसी वर्ग जिंकला आणि त्याच सुमारास सुझुकीने सामान्य ग्राहकांसाठी ‘टीएम ४००’ बाजारात आणली. विजेत्या यंत्राशी तिचे साम्य मुख्यतः रंगात होते. तिची शक्ती इतकी अचानक येई की कसलेले स्वारही कोसळत. ग्राहकांनी यावर काढलेला उपाय अभ्यासण्यासारखा आहे : त्यांनी फ्लायव्हीलला जादा वजन जोडले व ठिणगीची वेळ बदलली. शक्ती तीळमात्र न वाढवता, किंबहुना तिची उसळी मंदावून, त्यांनी वाहन अधिक वेगवान केले. उच्चांकांच्या इतिहासात या घटनेला जागा नाही. प्रस्तुत लेखकास मात्र ती २५ अश्वशक्तीच्या विक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते.

कारागिराचे काम

लहान इंजिनात हा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण १२५ सीसीत वाया घालवण्याइतका टॉर्क मुळातच नसतो. नवख्याचा पहिला मोह म्हणजे एक्झॉस्ट पोर्टची वरची कड कानशीने उंचावणे. ५० मिलिमीटरच्या आसपास स्ट्रोक असलेल्या इंजिनात कड १ मिलिमीटर उंचावल्यास पोर्ट उघडे राहण्याचा काळ ४ ते ५ अंशांनी वाढतो. त्यामुळे वरच्या फेऱ्यांना शक्ती मिळते, पण ज्वलनाचा दाब पिस्टनवरून लवकर सुटल्याने खालची ओढ जाते. शिवाय कापलेला धातू परत लावता येत नाही. जाणता कारागीर उंचीला हात लावण्यापूर्वी इतर बाबी पाहतो. क्रँककेस आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर ट्रान्सफरच्या वाटा एकमेकींशी जुळतात का, गॅस्केट मधे डोकावते का, दोन्ही बाजूंचे पोर्ट एकाच वेळी उघडतात का, हे तो तपासतो. मग हेड लेथवर घेऊन पिस्टनच्या कडेजवळील फट सुमारे १ मिलिमीटरवर आणतो, जेणेकरून मिश्रण मध्याकडे दाबले जाऊन वेगाने जळेल आणि खालच्या फेऱ्यांना ओढ मिळेल. कार्बोरेटर अवाजवी मोठा बसवीत नाही. एक्झॉस्टच्या शंकूंचा उतार सौम्य ठेवतो. त्यामुळे परतणाऱ्या तरंगाचा जोर कमी होतो, पण तो अधिक काळ टिकतो आणि पट्टा रुंदावतो. यांतील एकाही कामाने जाहिरातीत छापण्याजोगा आकडा हाती लागत नाही.

कारखान्यांनीही पुढे हाच मार्ग धरला. १९७२ पासून यामाहाने रीड व्हॉल्व्ह प्रचारात आणला. बाजाच्या पेटीतील स्वरपट्टीसारखी ही पातळ लवचिक पट्टी मिश्रणाला आत येऊ देते, पण मागे फिरू देत नाही; त्यामुळे कमी फेऱ्यांना कार्बोरेटरकडे होणारी उलट फुंकर थांबते. १९८२ पासून यामाहाच्या वायझेड मोटोक्रॉस मालिकेत एक्झॉस्ट पोर्टची उंची फेऱ्यांनुसार बदलणारी झडप आली : सावकाश चालताना पोर्ट ठेंगणे, वेगात उंच. कारागिराला कानशीने करावी लागणारी एकदाचीच निवड आता इंजिन दर क्षणी करू लागले. होंडा आणि कावासाकी यांनी लवकरच आपापल्या पद्धतीने हेच साधले.

ज्ञानाचे हस्तांतर

डेगनरने जे गुपित म्हणून नेले ते बारा वर्षांत पुस्तकरूपाने विकत मिळू लागले. अमेरिकन लेखक गॉर्डन जेनिंग्ज याची टू-स्ट्रोक ट्यूनरांसाठीची हस्तपुस्तिका १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. नळीची लांबी, शंकूंचे कोन आणि पोर्टचे क्षेत्रफळ-काळ गुणोत्तर काढण्याची सूत्रे तिने सामान्य वाचकाच्या हाती दिली. वर केलेले गणित त्याच पद्धतीचे आहे. ए. ग्रॅहम बेल याचे पुस्तक १९८३ मध्ये आले. दरम्यान बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्रा. गॉर्डन ब्लेअर आणि त्यांचे विद्यार्थी याच वायुप्रवाहाचे संगणकीय प्रतिमान उभारत होते व स्वतः बांधलेली इंजिने शर्यतीत उतरवत होते. कार्यशाळेतील अनुभव, छापील सूत्र आणि विद्यापीठातील प्रतिमान हे तीन प्रवाह येथे इतके मिसळले आहेत की ‘शास्त्र आधी की कारागिरी आधी’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

भारतात हे तंत्रज्ञान मोटोक्रॉसच्या नव्हे तर रस्त्यावरील वाहनांच्या रूपाने आले. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० बाजारात आणली. दोन्हींत रीड व्हॉल्व्ह होता. राजदूतच्या सुमारे ३० अश्वशक्तीच्या पहिल्या आवृत्तीला ‘हाय टॉर्क’ आणि कमी शक्तीच्या नंतरच्या आवृत्तीला ‘लो टॉर्क’ हे नाव लोकांत रूढ झाले. आरएक्स १०० च्या ९८ सीसी इंजिनाची ११ अश्वशक्ती ७,५०० फेऱ्यांना मिळे, आणि तिची कीर्ती कमाल वेगावर नव्हे तर तळापासूनच्या ओढीवर उभी राहिली. महाराष्ट्रातील गॅरेजांत या गाड्यांचे हेड घासले गेले, पोर्ट कोरले गेले. सायलेन्सरच्या आतली जाळी काढली की गाडी पळते, हा समजही येथे पक्का आहे. वस्तुतः परतणाऱ्या तरंगाचा मेळ बिघडल्याने बहुधा आवाज वाढतो आणि ओढ घटते. या कामाच्या लेखी नोंदी जवळजवळ नाहीत. जे कारागीर ते करीत होते त्यांतील अनेक आज साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम आपल्याकडील महाविद्यालयीन इतिहास विभागांनी अद्याप हाती घेतलेले नाही.

ज्या गळतीपासून या लेखाचा आरंभ झाला तिनेच पुढे या इंजिनाला रस्त्यावरून हटवले. न जळता निसटणारे मिश्रण म्हणजे हवेत जाणारे हायड्रोकार्बन. प्रदूषणाचे निकष १९९६ व २००० मध्ये कडक होत गेले तसे भारतीय बाजारातील टू-स्ट्रोक दुचाकी मागे पडल्या. मोटोक्रॉसमध्येही १९९८ च्या यामाहा वायझेड ४००एफ पासून फोर-स्ट्रोक इंजिनांनी मोठ्या वर्गांचा ताबा घेतला. १२५ सीसी टू-स्ट्रोक मात्र टिकून आहे. केटीएमच्या २०२३ च्या मोटोक्रॉस मालिकेत एक्झॉस्टची झडप विजेच्या मोटरने हलते, आणि शक्ती सौम्य हवी की तीव्र, हे स्वार हँडलवरील बटणाने ठरवतो.