शिक्षण सोडले, तरी भाडेकरार कायम

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठात परगावचे अनेक विद्यार्थी शिकतात. त्यांतील काही जण भाड्याच्या घरात राहतात. शिक्षण मध्येच सोडले तरी भाडेकरार आपोआप संपुष्टात येत नाही. करारात नोटिशीची मुदत नमूद असल्यास ती पाळावी लागते. ती नसल्यास, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ नुसार मासिक भाडेकरार १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येतो. किमान वास्तव्याची अट मोडल्यास घरमालक भरपाई मागू शकतो. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार ती वाजवी आणि करारातील रकमेच्या मर्यादेतच असावी लागते. अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी नोटिशीची पोच आणि किल्ल्या सुपूर्द केल्याची पावती जपून ठेवणे हिताचे ठरते.