जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरील नवी ग्राफिक्स कार्डे

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या संगणकात नंतरच्या काळातले ग्राफिक्स कार्ड बसवून मॉनिटरवर पूर्ण दर्जाचे चित्र मिळवणे, हा या नोंदीचा विषय. येथे विचार मुख्यतः विंडोज एक्सपी (२००१) आणि विंडोज ७ (२००९) यांचा केला आहे. हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. प्रयोगशाळेतली मोजमापाची यंत्रे, कारखान्यातली कटिंग मशीन आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळणी केलेल्या मराठी पुस्तकांच्या पेजमेकर फाइली यांना अनेकदा जुनीच सिस्टीम लागते. तिथले कार्ड जळाले की बाजारात मिळते ते नवे. ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये नीट बसते, संगणक सुरू करताच पडद्यावर अक्षरेही उमटतात, आणि आता फक्त सेटिंग शोधायचे राहिले असे वाटू लागते. हीच समजूत दिशाभूल करते. अडचण बहुधा सेटिंगची नसते. त्या कार्डाच्या चिपला ओळखणारा ड्रायव्हर त्या सिस्टीमसाठी कधी लिहिला गेला का, यावर सगळे ठरते.

सुरुवातीला दिसणारे चित्र ड्रायव्हरशिवायचे असते. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीचा वारसा कार्डाच्या बायॉसमध्ये टिकून आहे आणि त्याच्या आधारे कोणतीही विंडोज कामचलाऊ पडदा दाखवू शकते. रुंद मॉनिटरवर १०२४ × ७६८ चे चित्र ताणले जाते, वर्तुळे लंबगोल होतात, खिडकी सरकवली की ती अडखळत पुन्हा रंगवली जाते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसते ‘स्टँडर्ड व्हीजीए’ असे नाव दिसते. कार्ड चालते आहे याचा हा पुरावा नव्हे. हा आधारही आता आटत चालला आहे. नव्या मदरबोर्डांवर जुन्या बायॉसची नक्कल करणारी सीएसएम ही सोय अनेकदा नसते. विंडोज ७ ला मात्र बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयमधून सुरू होतानाही बायॉसची जुनी चित्रसेवा लागते. ती न मिळाल्यास सिस्टीम ‘स्टार्टिंग विंडोज’ या पडद्यावरच थिजते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये कार्डाचा ओळखक्रमांक घातला की काम होते. हा अनुभव खोटा नाही. एनव्हिडियाने एक्सपीसाठी अधिकृत आधार जीटीएक्स ९६० पर्यंत दिला, तरी जीटीएक्स ९७० आणि ९८० ही कार्डे आयएनएफमध्ये बदल करून एक्सपीवर चालवली गेली आहेत. पण ही तिन्ही कार्डे मॅक्सवेल याच पिढीची, म्हणजे चिपशी बोलणारे काम ड्रायव्हरमध्ये आधीच होते आणि यादीत नाव तेवढे नव्हते. २०१६ च्या पास्कल पिढीवर हाच उपाय फसतो. यादी हाताने वाढवता येते, पण चिप चालवणारा कोड असा वाढवता येत नाही. विंडोज ७ वरचा ड्रायव्हर एक्सपीवर चढवणेही शक्य नाही, कारण व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूडीडीएम ही वेगळीच रचना आणली. त्यातच ६४ बिट विंडोज ७ बदललेल्या ड्रायव्हरची डिजिटल सही तपासून तो नाकारते आणि ‘कोड ५२’ दाखवते. कधी कधी न बदललेला, अस्सल ड्रायव्हरही याच कारणाने अडतो. त्यावरची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि ती ओळखणारे अपडेट त्या विंडोज ७ मध्ये घातलेले नसते. हा दोष मात्र खरोखर दूर होणारा आहे. कार्डाला दोष देण्याआधी तो तपासावा.

मॉनिटर जुना असेल तर आणखी एक अडथळा उभा राहतो. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० मध्ये आणि एनव्हिडियाने पास्कलमध्ये ॲनालॉग चित्र देणे बंद केले. डीव्हीआय सॉकेटमधल्या चपट्या फटीभोवती चार छिद्रे नसतील तर साधा व्हीजीए जोड त्यात बसतच नाही. तिथे डिजिटल संकेताचे रूपांतर करणारा सक्रिय कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

मग जुनी सिस्टीम नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन म्हणून का चालवू नये? केवळ जुने सॉफ्टवेअर हवे असेल तर हा मार्ग उत्तम आहे आणि आधी तोच आजमावावा. मात्र यंत्र चालवणारे खास कार्ड किंवा पॅरलल पोर्टवरचा हार्डवेअर लॉक असेल तिथे तो बहुधा अपुरा पडतो. अशा ठिकाणी संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा आणि त्या सिस्टीमचा शेवटचा ड्रायव्हर पाहूनच कार्ड घ्यावे, मग ते वापरलेले का असेना. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये संपवला, तरी २०१५ च्या जीटीएक्स ९६० ला एक्सपीचा ड्रायव्हर मिळाला होता. विंडोज ७ साठी ही मर्यादा २०२० साली सुरू झालेल्या आरटीएक्स ३० मालिकेपर्यंत जाते. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेसाठी विंडोज ७ चा ड्रायव्हर निघालेलाच नाही.