पान दे कोको: एका पावाची कुळकथा

होंडुरासमधल्या तेला गावच्या किनाऱ्यावर गारिफुना बायका टोपल्या घेऊन पाव विकत फिरतात. छोटा, गोल, किंचित गोडसर असा हा पान दे कोको. कणीक यीस्ट घालून नारळाच्या दुधात मळायची, गोळे फुगू द्यायचे. भट्टी नसेल तिथे लोखंडी भांड्यात खाली-वर निखारे ठेवून भाजायचे. पण गहू त्या किनाऱ्यावर पिकत नाही आणि नारळही मूळचा तिथला नाही.

गारिफुनांचे पूर्वज सेंट व्हिन्सेंट बेटावरचे. मूळचे कॅरिब-अरावाक आणि गुलामीतून निसटलेले आफ्रिकी यांची तिथे सोयरीक झाली. इंग्रजांनी लढाईत हरवून त्यांना एका ओसाड बेटावर डांबलं. जवळपास निम्मे तिथेच रोगराईने गेले. उरलेल्यांना एप्रिल १७९७मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर आणून सोडलं.

या पावाचं कूळ शोधायचं तर मी एरेबापासून सुरुवात करेन. एरेबा म्हणजे गारिफुनांची या पावाआधीची, कसावाची पातळ भाकरी. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद, पण त्याची कडू जात विषारी. बायका मिळून, गाणी म्हणत कंद किसतात. कीस रुगुमा नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून ती टांगतात आणि खाली वजन लावतात. नळी ताणली की आवळत जाते, विषारी रस निथळतो. उरलेला चोथा वाळवून, चाळून मोठ्या तव्यावर पसरतात. ही विद्या अरावाकांची; आफ्रिकी वंशाच्या लेकीसुनांनी ती आजवर जपली.

नारळ मात्र आपल्या बाजूचा. कॅरिबियनमधला नारळ हिंदी महासागरातल्या वाणाचा आहे, हे २०११च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. पोर्तुगीजांनी तो आधी केप व्हर्द बेटांवर नेला आणि तिथून तो पलीकडे गेला. गव्हाचं पीठ बाहेरून, बोटीने यायचं. पुढे तेला हे युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीचं बंदर झालं. गारिफुना पुरुष गोदीत आणि बोटींवर कामाला लागले, काही न्यूयॉर्कला पोचले. ब्राँक्समधल्या गारिफुना घरांत आज हाच पाव भाजला जातो.

किनाऱ्यावर मात्र नारळाला १९९०च्या दशकात पिवळ्या रोगाने गाठलं, माडच्या माड मेले. जमिनीही पर्यटन प्रकल्पांकडे जाऊ लागल्या. तेलाजवळच्या त्रिउन्फो दे ला क्रूस गावाने दाद मागितली आणि २०१५ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने होंडुरास सरकारला दोषी ठरवलं.