शाळेच्या बीजगणिताचा वकील: श्रीराम अभ्यंकर

हाताशी कागद-पेन असेल तर घ्या, दोनच ओळी लिहायच्या आहेत. पहिली: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन. याचा आलेख काढलात तर शून्यापाशी चोचीसारखं टोक येतं. बाकी सगळीकडे रेषा गुळगुळीत, तिथेच तेवढी बोचते. आता य च्या जागी ‘क्ष गुणिले त’ लिहा आणि दोन्ही बाजूंचा क्ष चा वर्ग काटा. उरतं ते: त चा वर्ग बरोबर क्ष. साधा पॅराबोला! टोक गेलं.

अशी टोकं आणि गाठी सोडवण्याला गणितात ‘रेझोल्यूशन ऑफ सिंग्युलॅरिटीज’ म्हणतात. रेषेसाठी सोपं, पृष्ठभागासाठी अवघड, आणि पुढच्या मितींमध्ये भल्याभल्यांना घाम फोडणारं. आपले श्रीराम शंकर अभ्यंकर या कामात आयुष्यभर रमले.

जन्म १९३० साली उज्जैनला, बालपण ग्वाल्हेरला. वडील तिथल्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ घरातलीच. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन १९५१ मध्ये ते हार्वर्डला आले आणि ऑस्कर झारिस्की हे गुरू मिळाले. झारिस्कींनी पृष्ठभागांचा आणि त्यापुढे तीन मितींचाही प्रश्न सोडवला होता, पण नेहमीच्या संख्यांच्या जगात. ‘पी’च्या जगात मात्र पृष्ठभागांचाही प्रश्न तसाच पडून होता.

हे पीचं जग म्हणजे काय? पाचच तासांचं घड्याळ समजा. पाच वाजले की पुन्हा शून्य. पाचाच्या जागी कुठलीही मूळ संख्या घ्या, तीच ती पी. या जगात पाच म्हणजेच शून्य, म्हणून पाचाने भागता येत नाही. आता शाळेतली पूर्ण वर्ग पद्धत आठवा, श्रीधराचार्यांच्या नावाने आपल्याकडे चालत आलेली. मधल्या पदाच्या सहगुणकाची निम्मी करायची, वर्ग करून मिळवायचा. दोन तासांच्या घड्याळात निम्मी करणारच कशी? दोन तर शून्य! झारिस्कींच्या वाटेवरची हुकमी हत्यारं अशी एकेक करून हातातून गळून पडतात. (हे जग काल्पनिक वाटत असेल तर फोनने क्यूआर कोड स्कॅन करा. कोडवर थोडा डाग असला तरी तो वाचला जातो, कारण त्यामागचं गणित २५६ घटकांच्या अशाच एका व्यवस्थेत चालतं. तिथे एक अधिक एक शून्य होतात. आम्हा आयटीवाल्यांची भाकरीही याच गिरणीतल्या पिठाची.)

अभ्यंकरांनी पीएचडीच्या प्रबंधातच पृष्ठभागांचा हा प्रश्न सोडवला. १९५६ मध्ये तो निकाल छापून आला तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस-सव्वीस. १९६६ मध्ये त्यांनी तीन मितींचाही प्रश्न सोडवला, मात्र २, ३ आणि ५ या मूळ संख्या वगळून. त्या तीन संख्यांनी पुढे चाळीस वर्षं सगळ्यांना झुलवलं. कोसार आणि पिल्तां या फ्रेंच जोडीने ते काम २००८-०९ मध्ये पुरं केलं.

मला अभ्यंकर अधिक भावतात ते मात्र त्यांच्या भांडणामुळे. त्यांच्या उमेदीच्या काळात भूमितीत अमूर्त भाषेची लाट होती. दहावीला एकसामयिक समीकरणं सोडवताना आपण एका चलाचा लोप करतो ना, त्याच विद्येचे शेवटचे अवशेषही आता हद्दपार झाले, असं आंद्रे वेय यांनी १९४६च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. अभ्यंकरांनी त्याला चक्क कविता करून उत्तर दिलं: लोप करायचाच तर या लोपविद्येच्या लोपकर्त्यांचा करा! बीजगणिताच्या ते तीन पायऱ्या सांगत: शाळेचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं. शाळेचं म्हणजे बहुपदी आणि अनंत श्रेणी, हातांनी करायचा हिशोब. खरी ताकद त्यातच, असा त्यांचा दावा. याच विषयावरच्या १९७६च्या लेखाला पुढे शोव्हेने पारितोषिक मिळालं.

तुम्ही म्हणाल, हा हट्ट झाला. असेलही. अमूर्त भाषेनेही गणिताला पुष्कळ दिलं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण १९७५ मध्ये मो यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला प्रमेय बघा. त्याच्या मुळाशी पूर्ण वर्ग पद्धतीचाच विस्तार आहे. आणि १९५७ मध्ये त्यांनी मांडलेला एक अंदाज १९९४ मध्ये रेनो आणि हार्बेटर यांनी खरा ठरवला. सदतीस वर्षांनी! त्यासाठी त्या दोघांना बीजगणितातलं मानाचं कोल पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की तिथे नव्या धर्तीची यंत्रसामग्रीच कामी आली.

१९६७ पासून ते इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. पुढे तिथल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स या विभागांतही ते प्राध्यापक होते. इकडे राहूनही १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं, आणि आजही तिथे मुलं गणित शिकतात.

२ नोव्हेंबर २०१२ रोजी, पर्ड्यूजवळच्या राहत्या घरी, ते गेले. चार किंवा त्याहून अधिक मितींसाठी पीच्या जगातला तो प्रश्न अजून कुणाला पूर्णपणे सुटलेला नाही.